दगडाची जागा

तोजिकोफे, १२ जून १९९९

आकोफा,

तू घरी होतीस तेव्हा एका सकाळी माझं अंगण अर्धंच झाडून झालं होतं. मक्याची पेज चुलीवर ठेवली होती आणि ती उतू जाईल म्हणून मी एक डोळा तिकडे ठेवून झाडत होते. मागापासून निघालेला उभ्या सुतांचा ताणा अंगणभर पसरलेला, आणि त्याच्या टोकाला फळीवर ठेवलेला, सुतं ताठ धरणारा दगड कडुनिंबाच्या पलीकडे, पार कुंपणाशी. नवीन कापड चढवलेलं असलं की दगड नेहमी तिथेच असायचा. मग कापड पोटाशी गुंडाळलं जाईल तसतसा तो घसरत मागाकडे यायचा, आणि रोज झाडताना मला कळायचं की काल किती काम झालं. मी दगडाच्या भोवतीने झाडायचे. दगडाखालची जागा विणकराच्या बायकोने झाडायची नसते.

तू मागावर बसली होतीस. बाबा तुझ्या मागे स्टुलावर बसून तुझा ठोका ऐकत होते. "फणी अशी का आपटतेस? कोणाचं डोकं फोडायचंय?" असं ते म्हणाले, आणि तू म्हणालीस, "मान्सा मावशीचं." मान्सा कुंपणापलीकडे कपडे धूत होती, तिने ऐकलं. "माझं डोकं फोड, पण आधी माझ्या लुगड्याची पट्टी पुरी कर गं बाई," असं ओरडली. तिघेही हसलात. मी झाडू ठेवून सुताच्या कांड्या भरायला बसले होते. लाल, पिवळा, पुन्हा लाल.

हे सगळं मी का लिहिते आहे? पत्राची सुरुवात कशी करायची ते मला सुचेना म्हणून. अक्षरं मी तुझ्याच दुसरीच्या वहीवरून शिकले, तू शाळेत गेलीस की चोरून. त्या वहीत पत्र कसं लिहायचं ते नव्हतं.

तुझे बाबा मागच्या ऑक्टोबरमध्ये गेले. तुला निरोप मिळाला होता, लोमे शहराकडे गाडी नेणाऱ्या अमेवू ड्रायव्हरने मला तसं सांगितलं. तू आली नाहीस त्याचं मी काही म्हणत नाही. जाताना तुला जे शब्द ऐकावे लागले ते ऐकून कोणीही आलं नसतं. रागात माणूस बोलून जातो. तुझे बाबाही माणूसच होते.

आता कामाचं. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी कापडाचा सण आहे. आपली रीत तुला ठाऊक आहे. त्या वर्षात गेलेल्या विणकराचा माग मैदानात मांडतात, ताण्यासकट, दगडासकट. त्याच्या पोटच्या लेकराने मागावर बसून वीतभर विणलं तर माग घरी परत येतो. कोणी बसलं नाही तर ताणा कापतात, लाकडं भावाला जातात आणि दगड ओढ्यात टाकतात. तुझ्याआधीची माझी दोन लेकरं चिंचेखाली पुरलेली आहेत. बाबांना तूच एक आहेस.

वीतभर विणायला तुला किती वेळ लागेल? पेज होईपर्यंत. मग लगेच परत जा. मी अडवणार नाही.

सोबत सुकी मासळी आणि कसाव्याचा चुरा पाठवते आहे. तुझं बाळ मुलगा आहे की मुलगी, एवढं तरी अमेवूजवळ सांग.

तुझी आई

तोजिकोफे, ४ जुलै १९९९

आकोफा,

अमेवू म्हणाला, पत्र तू घेतलंस, मासळीही घेतलीस आणि काही बोलली नाहीस. मासळी घेतलीस हे चांगलं झालं.

काल तुझा डोत्से काका आला होता. कापड मैदानात मांडायचं तर पट्टीला पट्टी जोडून ते शिवायला हवं, म्हणून तो पट्ट्या बघायला आला. आल्या आल्या त्याचं नेहमीचं सुरू झालं. "वहिनी, तो माग मला नको हं. माझा एक आहे. दोन मागांवर बसायला माझ्याकडे बूड एकच आहे." मी म्हटलं, आधी जेवा. भेंडीचं कालवण केलं होतं. त्याने मक्याचे दोन गोळे खाल्ले, हात धुतले आणि मागाच्या बैठकीवरची गुंडाळी सोडली.

बाबांनी शेवटची पट्टी पाव विणून सोडली. पुऱ्या झालेल्या तेवीस आहेत. पुऱ्या कापडाला चोवीस हव्यात. डोत्सेने त्या चटईवर एकीशेजारी एक मांडल्या. लाल चौकटीला लाल चौकट, पिवळीला पिवळी. त्या जुळत गेल्या. मला वाटलं, चांगलंच आहे, जुळायलाच हव्यात. पण तो खाली वाकला. मग त्याने एका चौकटीवर बोटं ठेवली.

"चार बोटं," तो म्हणाला. "माझ्या भावाची, सेन्योची चौकट साडेचार बोटांची असते. चाळीस वर्षं साडेचार. मी त्याच्याशेजारी बसून विणलंय, मला विचारा. हा त्याचा हात नाही. हा ठोका घट्ट आहे. हे आकोफाने विणलंय."

मी म्हटलं, "पहिल्या सहा पट्ट्या तिच्या. सणाचं कापड तुझ्या हाताने सुरू कर म्हणाले होते तिला. मग ती गेली. बाकीच्या सतरा त्यांनी विणल्या. माझ्या डोळ्यांसमोर."

डोत्सेने सगळ्या तेवीस पट्ट्या पुन्हा मोजल्या. प्रत्येक चौकटीवर बोटं ठेवून. मग तो चटईवरच बसला.

"मग त्याने स्वतःचा हात मोडला वहिनी," तो म्हणाला. "पोरीच्या पट्ट्या फेकायच्या नव्हत्या त्याला. स्वतःच्या त्याने तिच्या पट्ट्यांशी जुळवून घेतल्या."

तुला आठवत असेल, त्यांचा हात त्या वर्षी थरथरायला लागला होता. सतरा पट्ट्यांना पंधरा महिने लागले. मला वाटायचं, हात चालत नाही म्हणून एवढा वेळ लागतोय. प्रत्येक ठोक्याला थांबायचे, मान वाकडी करून ऐकायचे. मला वाटायचं, कान गेले.

आता मी तुला एक सांगते. तू गेलीस त्या दिवशी बाबा सुताच्या बाजाराला गेले होते. मी तुला म्हटलं होतं, "बाबांना सगळं कळलंय. माझ्या मागासमोर पुन्हा तोंड दाखवू नकोस असं सांगून गेलेत." तू काही विचारलं नाहीस. बोचकं बांधलंस आणि अमेवूच्या गाडीत बसलीस.

ते तसं म्हणाले नव्हते. त्यांना काही माहीतच नव्हतं.

तू न्हाणीमागे ओकत होतीस ते मी पाहिलं होतं. आणि तशीच येऊन तू मागावर बसलीस. पोटुशी बाई मागावर बसली तर विणकराचा हात जातो, हे माझ्या सासूने मला लग्नाच्या आठवड्यातच सांगितलं होतं. त्याच आठवड्यात बाबांच्या हातून धोटा दोनदा पडला. तूच तो उचलून दिलास. मी घाबरले. हात गेला तर काय उरणार होतं आमच्याकडे? संध्याकाळी ते परत आले तेव्हा मी सांगितलं, आकोफा लोमेला गेली, त्या मेकॅनिकच्या पोराबरोबर, शोधू नका म्हणाली.

तू गेलीस तरी हात थरथरायचा थांबला नाही. हे मी रोज पाहिलं.

आता तुला खरं कळलं. बाबांनी तुला हाकललं नव्हतं. आता येशील ना? सणाला पावणेदोन महिने आहेत.

तुझी आई

तोजिकोफे, २८ जुलै १९९९

आकोफा,

मागच्या पत्रात मी खरं सांगते म्हटलं आणि अर्धंच सांगितलं. अमेवू रिकाम्या हाताने आला तेव्हा मला वाटलं, तुला कळलं असणार. अर्धं झाडलेलं अंगण तुला लांबूनही ओळखू यायचं.

डोत्सेने गुंडाळी सोडली तेव्हा आतून एक कागद पडला होता. तुझं पत्र. डिसेंबरातलं, तू गेलीस त्याच वर्षीचं.

ते आलं तेव्हा तुझे बाबा मागावर होते. अमेवूने ते त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला, हसले आणि मला हाक मारली. "ये, मास्तरीणबाई. तुझी विद्या आज कामाला येऊ दे." घरात वाचणारी आता मी एकटीच होते. मी कांड्यांची टोपली बाजूला ठेवली आणि वाचायला घेतलं.

तू लिहिलं होतंस: "बाबा, माझं चुकलं. मागाची शुद्धी करायला कोंबडं लागेल, बकरं लागेल, ते मी कमवून आणीन. जानेवारीत बाळ होईल. त्यानंतर येऊ का? एक शब्द पाठवा."

मी वाचलं: "बाबा, मी मजेत आहे. इथे माझं बरं चाललंय. आता इथेच राहीन. वाट बघू नका."

का वाचलं असं, ते मी दीड वर्ष स्वतःला सांगते आहे आणि दर वेळी वेगळं सांगते. त्यांच्या हातासाठी, असं सांगते. गावात तोंड दाखवायचं होतं, असंही सांगते. पण तुम्ही दोघं मागावर असलात की हसायचात. मी वीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिले आणि कांड्या भरल्या. तू गेल्यावर ते माझ्याशी थोडं बोलायला लागले होते. माग थांबवून, माझ्याकडे तोंड करून. हेही होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

ते म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. आणि आकोफा, पहिल्यांदा मी नेमकं काय म्हटलं होतं ते मला आठवेना. "बरं चाललंय" आधी म्हटलं की नंतर? "वाट बघू नका" म्हटलं होतं की "काळजी करू नका"? मी काहीतरी वाचलं. शब्द बदलले. कागद तर तोच होता.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग तो माझ्या हातातून घेतला, घडी केली, आणि गुंडाळीत कापडाच्या दोन वेढ्यांमध्ये सरकवला. "बरं," म्हणाले. आणि फणी उचलली.

डोत्सेला वाचता येतं. चार घरं सोडून राहतो. तो कागद त्यांनी कधी त्याला दाखवला नाही. दाखवला असता तर मी त्याच दिवशी गावाला तोंड दाखवू शकले नसते. मला वाटतं, म्हणूनच दाखवला नाही. रोज संध्याकाळी फक्त विचारायचे, "अमेवूची गाडी आली का गं?" मी म्हणायचे, आली. ते म्हणायचे, "कोण उतरलं?" मी म्हणायचे, कोणी नाही.

डोत्सेने गुंडाळी सोडेपर्यंत मला वाटत होतं, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आता त्या तेवीस पट्ट्या पाहिल्यावर वाटत नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं. तुला उत्तर द्यायला त्यांच्याकडे जे होतं त्यातच ते देत होते, आणि ते तुझ्यापर्यंत पोचणार नव्हतं हेही त्यांना ठाऊक असणार.

त्याच दिवशी डोत्सेने तो कागद वाचला आणि मला विचारलं, "हे तू त्याला वाचून दाखवलंस?"

मी म्हटलं, "हो."

त्याने तो माझ्याकडे परत दिला. तेव्हापासून तो माझ्या घरी जेवलेला नाही.

तुझं पत्र या पत्राबरोबर पाठवते आहे. ते तुझं आहे. मला माफ कर असं मी लिहीत नाही. माझ्यासाठी येऊ नकोस. तू आलीस तर मी मान्साच्या घरी जाऊन राहीन, तुला माझं तोंडही दिसणार नाही. पण माग तुझा आहे. चोवीसावी पट्टी पाव झाली आहे. त्या ठोक्यात ती पुरी करणारं आता जगात दुसरं कोणी नाही.

बाळासाठी एक टोपलं पाठवते आहे. त्यात बाबांच्या जुन्या कापडाचं दुपटं आहे. पाठीला बाळ बांधायला पुरेल. ते त्यांच्या हाताने विणलेलं आहे, साडेचार बोटांचं.

आई

तोजिकोफे, २२ ऑगस्ट १९९९

आकोफा,

टोपलं परत आलं. दुपटं होतं तशीच घडी.

मी अमेवूला सगळं दोनदा सांगायला लावलं. तो म्हणाला, तू पायरीवर बसून वाचलंस. आधी माझं पत्र, मग तुझं जुनं, मग पुन्हा माझं. एक छोटी मुलगी दाराची चौकट धरून उभी होती, दीड-पावणेदोन वर्षांची. कान सेन्योसारखे, बाहेर आलेले. अमेवूने तिला विचारलं, "नाव काय गं तुझं?" तेव्हा तू तिला आत नेलंस. मग बाहेर येऊन टोपलं त्याच्या हातात दिलंस.

"काही निरोप?" त्याने विचारलं.

तू म्हणालीस, "तिला सांगा, पत्र मी स्वतः वाचलं."

अमेवूला त्यात काही वाटलं नाही. "एवढंच म्हणाली बघ. बरी आहे तब्येतीने," असं मला सांगून तो गाडी धुवायला गेला.

मुलगी आहे. एवढं मला कळलं.

शनिवारी सण आहे. अमेवू सकाळी लोमेहून निघतो, तुला ठाऊक आहे. हे मी त्याच्याजवळ देते आहे. फक्त दिवस लक्षात असावा म्हणून.

आई

तोजिकोफे, ३० ऑगस्ट १९९९

आकोफा,

हे पत्र मी अमेवूजवळ देणार की नाही ते ठरवलेलं नाही. लिहून ठेवते.

शनिवारी मैदान गच्च भरलं होतं. पलीकडच्या गावांतले लोक, शाळेतली पोरं, लाऊडस्पीकर, खुर्च्यांवर साहेब लोक. सगळ्यांच्या अंगावर नवं कापड. मान्सा निळंपिवळं नेसली होती आणि बायकांमध्ये मिरवत होती. माझ्याकडे आली, माझ्या काळ्या लुगड्याचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "आकोफाची आई, सरळ उभी राहा. रडायचं ते घरी." सगळे मला अजून आकोफाची आई म्हणतात. दुसरं काय म्हणणार?

या वर्षी तीन माग मांडले होते. पहिल्यावर दोन भाऊ बसले, कोणी आधी बसायचं यावरून भांडले, लोक हसले. दुसऱ्यावर एक मुलगी बसली, अक्रा शहराहून आलेली. तिला विणता येत नव्हतं. धोटा उलटा धरला होता तिने. विणकरांचे म्हातारे प्रमुख तोग्बे अहियाबोर तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात धरून त्यांनी वीतभर विणून घेतलं. चालतं तेवढं.

तिसरा आपला. डोत्सेने तो मांडला होता. दगड त्याने स्वतः फळीवरून ओढत नेला, कोणाला हात लावू दिला नाही. ताणा नीट ताणला होता. बाबांना पसंत पडला असता.

हाकाऱ्याने हाक दिली, "सेन्योच्या पोटचं कोणी आहे?"

मी बायकांच्या रांगेत उभी होते. मी त्यांच्या रक्ताची नाही, मला बसता येत नाही.

दुसरी हाक देण्याआधी ऊन ताडाच्या शेंड्यावरून उतरावं लागतं. तोग्बे म्हणाले, उतरलं. डोत्से पुढे झाला. "तोग्बे, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू पडलाय. कुठे उतरलंय ऊन? अजून शेंड्यावर आहे." लोक हसले. तोग्बेही हसले. "तुझे डोळे चांगले आहेत तर तुला काय दिसतंय, सांग की," म्हणाले. डोत्सेने रस्त्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. माझ्याशी न बोलणारा तो माणूस, तोही तुझीच वाट बघत होता.

आणि अमेवूची गाडी आली. निळी, टपावर टोपल्या. मैदानाच्या कडेला थांबली. दार उघडलं. दोन बायका मासळी घेऊन उतरल्या. एक म्हातारा उतरला, मग त्याची काठी. मग अमेवू खाली उतरला. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, आडवी.

रोज संध्याकाळी बाबा मला विचारायचे तेव्हा मी असंच सांगायचे. कोणी नाही.

दुसरी हाक झाली. तिसरी झाली.

तोग्बेंनी सुरी घेतली. ताणा एका झटक्यात कापला जात नाही. तीन वेळा ओढावी लागली. मग सगळी सुतं एकदम खाली पडली. दगड जरासा हलला आणि थांबला. ढोल वाजले, रीतीप्रमाणे. डोत्से लाकडं सोडत होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "भाऊ, मी त्यांना ते पत्र तसं वाचून दाखवलं नव्हतं. तुम्हाला खोटं सांगितलं."

तो मान वर न करता म्हणाला, "मला ठाऊक आहे, वहिनी."

"आणि त्यांना?"

"तुझ्याशी लग्न केलेलं होतं त्याने," डोत्से म्हणाला. "तुला काय वाटतं?"

त्याने फणी कापडात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. लाकडं भावाची, पण फणी त्याला घरात नको होती. चार माणसांनी दगड उचलून ओढ्याकडे नेला. पाण्यात पडल्याचा आवाज मैदानापर्यंत आला नाही. लाऊडस्पीकर चालू होता.

कापड शिवलेलं नाही. तेवीस पट्ट्यांचं कोणी नेसत नाही. त्या आणि ती पाव पट्टी मी पेटीत ठेवल्या आहेत, फणीबरोबर. पेटीवर तुझं नाव लिहिलं आहे. माझ्या अक्षरात आहे, पण तुझंच नाव आहे. कोणी वाचलं तरी तेच वाचेल.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले. पेज चुलीवर ठेवली आणि अंगण झाडलं. दगडाची जागा होती, तीही झाडली.